जोडी जुलली का?

चिमूटभर कोळशाची पूड अंगठा आणि तर्जनीत धरायची, हात कानाशी न्यायचा, डोळे मिटायचे आणि हलकेच चोळायचं. क्षणभर थांबायचं. मग डोळे उघडून सांगायचं, "कचकच करतं. राख लय हाय." किंवा, "गप हाय. बरा हाय यो." भट्टीतून खरा आकडा यायला तीन-चार तास लागायचे आणि तो बहुतेक वेळा दादांच्या कानाला दुजोराच द्यायचा. नवीन आलेला माणूस हा प्रकार पाहून तोंड दाबून हसायचा. मीही हसले होते. तुम्हीही हसला असता.

तळोज्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या लॅबमध्ये कोळसा तपासतात. मी तिथे रिपोर्ट टाइप करते, आणि माणसं कमी पडली की काट्यावरचे आकडेही घेते. दादा तिथले सगळ्यात जुने केमिस्ट. त्यांची सही झाल्याशिवाय रिपोर्टला रिपोर्ट म्हणायचं नाही. उलव्याकडच्या खाडीकाठच्या गावातले. वडिलांची भातशेती होती, ती नव्या शहरात गेली. बीएस्सी झालेला त्यांच्या आळीतला पहिला मुलगा म्हणून गावात मिरवणूक निघाली होती म्हणे. नाव सांगत नाही. सांगितलेलं त्यांना आवडलं नसतं, आणि लॅबमध्ये कुणी त्यांना नावाने हाक मारल्याचं मला आठवतही नाही. साहेबांपासून वॉचमनपर्यंत सगळे दादाच म्हणायचे.

कोळसा जाळला की मागे जी राख उरते ती मोजायची, हे आमचं मुख्य काम. आपल्या देशातल्या कोळशात राख फार. वीज करायला तो चालतो, पण पोलाद करायचं तर राख कमी लागते, म्हणून पोलादवाले बाहेरदेशचा कोळसा बोटीने आणतात. आपलाच कोळसा धुवून, त्यातला दगड-माती काढून पोलादाच्या लायकीचा करता येतो, पण धुतलेला खरंच तेवढा स्वच्छ झाला का, हे शेवटी कुणीतरी वाटीत जाळून बघावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे दादा.

प्रत्येक नमुना एकदा नव्हे, दोनदा जाळायचा. पांढऱ्या दोन चपट्या वाट्या, दोन्हींत तीच पूड, दोन्ही शेजारी शेजारी भट्टीत. दोघींची राख सारखी आली तरच आकडा खरा. याला आमच्याकडे जोडी म्हणतात. मी काट्यावर बसले की दादा मागून विचारायचे, "बाय, जोडी जुलली का?" जुळली म्हटलं की पुढचं काम. नाही म्हटलं की एकच उत्तर, "मंग परत कराला लागल." रागावणं नाही, कपाळाला आठी नाही.

माझं लग्न जमवण्याचे कार्यक्रम तेव्हा नेरूळच्या आमच्या घरी जोरात चालू होते. आई साताऱ्याकडची, तिच्या माहेरच्यांना दर रविवारी नवा मुलगा सापडायचा. सोमवारी सकाळी मी जागेवर बसायच्या आत दादा विचारायचे, "जुलली का जोडी?"

"नाही दादा."

"फरक किती?"

"लई. तो म्हणतो, नोकरी सोड."

"मंग परत कराला लागल," म्हणून ते कोळसा फोडायला निघून जायचे. या एका वाक्याने मी किती सोमवार निभावले ते माझं मलाच माहीत.

ट्रकभर कोळशातून वाटीभर नमुना काढायची एक रीत असते. ढीग करायचा, वरून चपटा करायचा, त्याचे चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन बाजूला सारायचे. उरलेल्याचा पुन्हा ढीग. असं करत करत थोड्यात सगळ्याचा गुण उतरतो. दादांच्या हाताला ही रीत इतकी बसली होती की ती लॅबच्या दाराशी थांबत नसे. नेरूळच्या बाजारात एकदा मी त्यांना तांदूळ घेताना पाहिलं. दुकानदाराने मूठभर तांदूळ कागदावर दाखवायला ठेवले, तर यांनी त्याचा ढीग केला, चपटा केला, बोटाने चार भाग पाडले आणि समोरासमोरचे दोन दुकानदाराकडे सरकवले. दुकानदार म्हणाला, "दादा, घ्यायचाय की पूजा मांडायचीय?" दादा गंभीरपणे म्हणाले, "वरच्या थरावर कोन इश्वास ठेवनार?" आणि खालचा थर बघायला पोत्यात कोपरापर्यंत हात घातला.

आणखी एक सांगते, कारण पुढे तेच महत्त्वाचं ठरलं. पूड करायच्या मिलमध्ये आधीच्या कोळशाचे कण चिकटून राहतात. म्हणून नव्या नमुन्यातला थोडा भाग आधी दळून फेकून द्यायचा, मग खरा दळायचा. याला दादा चूळ म्हणायचे. "मिलनं चूल भरली का?" असा प्रश्न त्यांनी विचारला की नवा माणूस गॅसच्या चुलीकडे बघायचा.

आता वहिनींबद्दल. दादांच्या बायकोची दोन्ही मूत्रपिंडं गेलेली. सोमवार, बुधवार, शुक्रवार, नेरूळच्या सेंटरवर डायलिसिस. त्या दिवशी दादा साडेतीनला निघायचे, घरून त्यांना रिक्षाने घेऊन यायचे, चार तास बाहेरच्या बाकावर बसायचे. मूलबाळ नव्हतं. खर्च कंपनीच्या विम्यातून व्हायचा आणि लवकर जायची परवानगी साहेबांच्या मेहरबानीने. म्हणजे नोकरी सुटली तर विमा जाणार, आणि साहेब फिरले तर साडेतीन जाणार. दोन्हीकडून कडी.

सेंटर आमच्या घरापासून जवळ, म्हणून मी अधूनमधून डबा घेऊन जायची. वहिनी नळ्या लावलेला हात तसाच ठेवून गप्पा मारायच्या. एकदा म्हणाल्या, "यांची बी मजाच हाय. दिसभर कोलसा धुतलेला बगतान न संद्याकालचा मना. दोगंबी धुवून किती टिकनार?" आणि स्वतःच हसल्या. दादा हसले नाहीत. बाकावर जाऊन बसले.

त्यांच्या टेबलाच्या खालच्या खणात एक पत्र होतं. झारखंडमधल्या एका मोठ्या धुलाई कारखान्याने त्यांना लॅब उभी करायला बोलावलं होतं. पत्राच्या घड्या विरल्या होत्या, म्हणजे ते किती वेळा उघडलं असेल बघा. मी एकदा विचारलं, "का नाही गेलात?"

"तिला कोन नेल? तिथं मशीन ऐंशी कोसांवर." मग खण लावत म्हणाले, "येवरी वरसं कोलसा मोजला बाय, पन खान कशी असते ती नाय बगितली. बोट दिसते घराच्या गच्चीवरून, तिच्यातला कोलसा पन नाय बगितला. आपल्याकरं येतं ते पिशवीतून."

मी काट्याच्या खोलीत परत गेले. त्या खोलीला खिडकी होती, पण काट्याला वारा लागू नये म्हणून ती कायमची बंद केलेली होती.

मग धुलाईवाले आले. कऱ्हाडकडचे गृहस्थ, चाळिशीचे, शर्टाच्या बाह्या दुमडलेले. त्यांनी आपल्याच देशातला खाणीचा कोळसा धुवायची नवी तऱ्हा बसवली होती आणि आमच्यापासून दोन गल्ल्यांवर छोटा प्लांट टाकला होता. एका पोलाद कारखान्याने त्यांना शब्द दिला होता, राख अठरा टक्क्यांच्या आत आणून दाखवा, आम्ही बाहेरचा कोळसा कमी करून तुमचा घेतो. रिपोर्ट आमच्या लॅबचा हवा. दर बुधवारी ते नमुन्याची पिशवी मुलासारखी छातीशी धरून आणायचे.

पहिल्या बुधवारी राख आली अठरा पूर्णांक चार. दुसऱ्या बुधवारी अठरा पूर्णांक सहा. तिसऱ्या बुधवारी पुन्हा अठरा पूर्णांक चार. प्रत्येक वेळी जोडी अगदी तंतोतंत जुळलेली.

गंमत म्हणजे दादांचा कान तिन्ही वेळा वेगळं सांगत होता. नमुना आला की ते जाडसर भुग्यातली चिमूट चोळायचे आणि म्हणायचे, "गप हाय. पास होल." आणि दुसऱ्या दिवशी वाट्या सांगायच्या, नापास. तिसऱ्या वेळी त्यांनी आपल्या बोटांकडे बघितलं आणि म्हणाले, "कान जून झाला आता."

धुलाईवाले खुर्चीच्या कडेला टेकून बसले होते. "दादा, तेवढं बघा की. पुढचा बुधवार शेवटचा हाय. त्या दिवशीबी नापास झालं तर प्लांटला कुलूप लावून गावाकडं जायचं ठरलंय. बारा माणसं हायती माझ्याकडं."

"मी काय बगू? वाटी सांगल ते लिवनार."

साहेबांनी दादांना केबिनमध्ये बोलावलं. मी रिपोर्ट घेऊन दारातच होते. "अरे यार दादा, पॉइंट चारसाठी काय टेन्शन घेता? राउंड ऑफ करा. अठरा. संपला विषय. पार्टी मोठी होणार आहे उद्या, आपल्याला परमनंट काम मिळेल."

"अठरा पॉइंट चार म्हंजे अठरा नाय, सायब."

साहेब खुर्चीत मागे रेलले. "मी तुम्हाला साडेतीनला सोडतो. कधी काही बोललो? ओडिशाच्या ब्रँचला केमिस्ट पाहिजे, वरून रोज फोन येतो, मी तुमचं नाव दाबून ठेवलंय. पुढच्या बुधवारपर्यंत विचार करा."

दादा बाहेर आले ते सरळ भट्टीच्या खोलीत गेले. मी मागोमाग गेले आणि जे बोलले ते आजही मला खुपतं. मी म्हटलं, "दादा, करून टाका ना राउंड ऑफ. वहिनींचं बघा. कोण बघतंय एवढं?"

त्यांनी चिमट्याने वाट्या बाहेर काढल्या, काचेच्या भांड्यात थंड व्हायला ठेवल्या, झाकण लावलं. "बाय, उद्या तिच्या रगताचा रिपोर्ट कोनी असा राउंड मारला तर?" एवढंच म्हणाले. मला राग आला, त्यांचा नव्हे, माझाच. पण दाखवला त्यांना. दिवसभर बोलले नाही.

चौथ्या बुधवारी सेंटरची मशीन दुरुस्तीला गेली होती. वहिनींची पाळी गुरुवारी ढकलली. म्हणजे त्या बुधवारी दादांना साडेतीनला पळायचं नव्हतं. त्यांनी धुलाईवाल्यांची पिशवी घेतली, ढीग केला, चार भाग केले, मिल ब्रशने झाडली, चूळ भरली, फेकली, परत चूळ भरली आणि निवांत दळण केलं. संध्याकाळी वाट्या काट्यावर आल्या. मी आकडा वाचला आणि पुन्हा वाचला. सतरा पूर्णांक सात. दुसरी वाटी, सतरा पूर्णांक सात.

"दादा, जुळली. आणि पास."

मला वाटलं हसतील. ते मिलसमोर जाऊन उभे राहिले. बराच वेळ त्या लोखंडी भांड्यात बघत होते. मग त्यांनी कपाटातून मागच्या तिन्ही बुधवारांचे राखून ठेवलेले, न दळलेले भाग काढले. गुरुवारी सकाळी, सेंटरला जायच्या आधी, तिन्ही दळले. चूळ भरून. तिन्ही अठराच्या आत.

"बुदवारी मना घाई," ते म्हणाले. आवाज इतका खाली गेला होता की मी पुढे वाकले. "तीन वाजता दलायचं न साडेतीनला निंगायचं. ब्रश मारला की झालं. चूल नाय भरली मी. आदी सिमिटवाल्यांचा कोलसा दललेला, सगली राख. ती याच्यात गेली."

"पण जोडी जुळत होती ना?"

"दोनी वाट्या येकाच दलनाच्या. दोनी सारक्याच खोट्या." आणि मग ते खाली, कोळशाच्या पोत्यावर बसले. ज्या माणसाने उभ्या जन्मात कुणाला चूळ विसरू दिली नव्हती, तो स्वतः विसरला होता, आणि बारा माणसांचं कुलूप जवळजवळ लावून बसला होता. मी जवळ उभी राहिले.

साहेब मात्र खूश. "बघा, देवच धावला. नवीन रिपोर्ट काढा, जुने विसरा."

"जुनं चुकलं ते लिवाला लागल. सोमवारी, बुदवारी, शुक्करवारी दुपारी जे जे दललं, त्या सगल्या पार्ट्यांना."

"वेडे झालात का? उद्या एक गिऱ्हाईक राहणार नाही. आणि सही जाईल तुमची, समजतंय का?"

"समजतंय."

पत्र मी टाइप करायचं होतं. मी दोन दिवस प्रिंटर बिघडल्याचं सांगत राहिले. खरं सांगते, मला वाटत होतं की दोन दिवसांत त्यांचं मन फिरेल आणि हे सगळं टळेल. तिसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले, प्रिंटरमध्ये कागद घातला, बटण दाबलं, चाचणीचं पान सुरळीत बाहेर आलं. ते माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "टाईप कर, बाय." मी केलं. त्या पत्रावर त्यांनी सही केली. लॅबमधली ती त्यांची शेवटची सही.

गिऱ्हाइकं फारशी गेली नाहीत. एका-दोघांनी तर बरं वाटलं म्हणून कळवलं. धुलाईवाल्यांचा कोळसा पोलाद कारखान्याने घेतला आणि त्यांचे ट्रक आमच्या दारावरून जायला लागले. ते पेढे घेऊन आले तेव्हा दादांनी सवयीने पेढ्यांचे चार भाग पाडले, समोरासमोरचे दोन आम्हाला दिले आणि उरलेले वॉचमनला. स्वतःला काही ठेवलं नाही. धुलाईवाले म्हणाले, "दादा, आमच्याकडं चला. खाणीवरच मोठा प्लांट टाकतोय." दादा म्हणाले, "बगू. ती हाय तंवर नाय."

साहेबांनी त्यांना ओडिशाला पाठवलं नाही. त्याहून वाईट केलं. सही काढून घेतली, कोळसा फोडायच्या खोलीत बसवलं आणि साडेतीन बंद केलं. "सगळ्यांना एकच नियम," म्हणाले. विम्यासाठी दादांना नोकरी सोडता येईना. सोमवार, बुधवार, शुक्रवार वहिनी रिक्षाने एकट्या जायला लागल्या. मी शुक्रवारी दांडी मारून जायची. त्या विचारायच्या, "यांची सही गेली म्हंजे काय गेलं गं? हात तर हाय ना?" मी सांगायचे, हात आहे. आणि आतून तुटायचं, कारण तो हात रोज सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत हातोडी मारत होता, आणि साडेतीन वाजले की थांबायचा. दादा घड्याळाकडे बघायचे. मग पुन्हा मारायचे.

असे सात-आठ महिने गेले. एका सोमवारी वहिनी सेंटरवर गेल्या त्या परत आल्याच नाहीत. रिक्षावाल्याने दादांना फोन केला तेव्हा पाच वाजले होते. ते साहेबांची परवानगी मागायला गेले. सवय. साहेब उभे राहिले, म्हणाले, "अहो जा, जा ना." एवढं तरी त्यांना कळलं.

तेरावं झाल्यावर दादा कामावर आले. बुधवार होता. डोकं भादरलेलं, शर्ट तोच. धुलाईवाल्यांचा नमुना आला होता आणि दादांच्या जागी आलेली नवी केमिस्ट रजेवर होती, म्हणून साहेबांनी स्वतः सांगितलं, दादा, आज तुम्हीच लावा. कितीतरी महिन्यांनी त्यांनी चिमूट कानाशी नेली. मी बघत होते. डोळे मिटलेले बराच वेळ उघडले नाहीत. "गप हाय," म्हणाले.

दुपारी भट्टी उघडली. मी काट्यावर बसले आणि काचेच्या भांड्याचं झाकण काढलं. आत एकच वाटी होती.

मला आधी वाटलं, एक भट्टीतच राहिली. बघून आले. भट्टी रिकामी होती. "दादा," मी म्हटलं, "जोडी?"

ते आले. भांड्यात बघितलं. एवढ्या वर्षांत ज्या माणसाने एकटी वाटी कधी भट्टीत ठेवली नाही, तो त्या एकट्या वाटीकडे बघत राहिला. मी वाट बघत होते. ते म्हणतील, परत कराला लागल. नेहमीचं वाक्य आहे, येईलच.

ते आलं नाही. भिंतीवर साडेतीन वाजले. दादांनी टॉवेलला हात पुसले, चप्पल घातली आणि निघाले. कुणी अडवलं नाही. आता नेरूळला कुणाला न्यायचं नव्हतं, पण ते नेरूळच्याच रिक्षात बसले, मी दारातून पाहिलं.

त्यानंतर ते आले नाहीत. धुलाईवाले म्हणतात, खाणीवरची जागा त्यांच्यासाठी अजून मोकळी आहे, पण फोन कुणी उचलत नाही. खालच्या खणात ते पत्र तसंच आहे. मी दर शुक्रवारी सेंटरवरून जाताना बाकाकडे बघते. दोनदा दिसले. दोन्ही वेळा मी हाक मारायचं धाडस केलं नाही, आणि आता ते बाकावरही नसतात.

दादा निघून गेले त्या दिवशी साहेब माझ्या मागे उभे राहून म्हणाले, "काय आलंय ते टाइप कर, पार्टी थांबलीय."

सतरा पूर्णांक पाच आलं होतं. चांगला आकडा होता. मी ती वाटी पुन्हा भांड्यात ठेवली, झाकण लावलं आणि साहेबांना सांगितलं, एका वाटीचा रिपोर्ट होत नाही.